चुकून आलेला परतावा

साडी पसंत पडली नाही म्हणून दुकानात परत केली. गल्ल्यावरच्या मुलाने रोख पैसे हातात ठेवले आणि दोन दिवसांनी तेवढीच रक्कम यूपीआयने खात्यातही जमा झाली. दुकानदाराचा फोन नाही, विचारणा नाही. मग हे पैसे आपले का?

नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२, यातल्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेली रक्कम किंवा वस्तू परत करावीच लागते. कायद्यातच उदाहरण आहे: दोघांवर मिळून शंभर रुपयांचे देणे होते. एकाने ते फेडले, दुसऱ्याने ठाऊक नसल्याने पुन्हा भरले. सावकाराने दुसऱ्याचे शंभर परत करायचे. चूक देणाऱ्याची होती, ही सबब चालत नाही.

'एवढ्या मोठ्या दुकानाला काय फरक पडतो?' असे सहज म्हटले जाते. पण रात्री हिशेब जुळवताना तूट निघते, आणि काही ठिकाणी ती त्या गल्ल्यावरच्या मुलाच्याच पगारातून कापली जाते. मला ही गोष्ट कायद्याच्या कलमापेक्षा मोठी वाटते.

सावधगिरी मात्र हवी. 'चुकून पैसे आलेत, परत पाठवा' असा अनोळखी फोन आला, तर पैसे जमा झाल्याच्या नुसत्या मेसेजवर विसंबू नका. आधी खात्यातली शिल्लक पाहा. रक्कम खरोखर आली असेल, तर बिल घेऊन थेट दुकानात जा, किंवा बँकेला लेखी कळवा. आणि पैसे परत केल्याची पावती मागून घ्या.