पौरुषाचा रंग कोणी ठरविला?

कापडाच्या गादीवर बसणाऱ्याने पौरुषावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ‘हा रंग मुलाला नको, मुलीसारखा दिसेल’ हे वाक्य आमच्याइतके क्वचितच कोणी ऐकत असेल. रंग बहुधा गुलाबी असतो. शेजारी उभा असलेला चार वर्षांचा मुलगा ते ऐकतो, त्याची बहीणही ऐकते. मुलीसारखे दिसणे म्हणजे उणेपणा, हा धडा दोघांनाही तेथेच मिळतो.

हा नियम निसर्गाचा नव्हे. अमेरिकेतील बालवस्त्र-व्यवसायाच्या एका मासिकाने जून १९१८ मध्ये नेमके उलट सांगितले होते: गुलाबी ठसठशीत, म्हणून मुलांना, निळा नाजूक, म्हणून मुलींना. १९२७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने तेथील मोठ्या दुकानांची मते छापली, त्यांतही एकवाक्यता नव्हती. आजची वाटणी रूढ झाली ती पुढे, १९४० नंतर. यात आम्हा व्यापाऱ्यांचा हिशेबही आहेच. रंग वाटून दिले की थोरल्या बहिणीचे झबले धाकट्या भावाला चालत नाही. नवे घ्यावे लागते!

वेशभूषेचेही तसेच. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे जोडे मिरवीत असे. पेशवाईतील कर्ते पुरुष कानात भिकबाळी घालीत. त्या काळी ती प्रतिष्ठेची खूण होती.

आणि दूर कशाला? नातवाचा गुलाबी सदरा परत करणारे आजोबाच लग्नघरी गुलाबी फेटा बांधून वरातीत पुढे असतात.