बेंटिंक स्ट्रीटवरचं जोड्यांचं दुकान

फौजी माणसाला बोलायला उभं केलं की आता लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळणार, असं लोक धरून चालतात. मी आज जोड्यांच्या एका दुकानाबद्दल बोलणार आहे. लढाई त्यात येणार आहे, पण ती दुकानाच्या काउंटरमागून दिसली तशी.

दुकान कोलकात्यातलं. एस्प्लनेडकडून लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाकडे जाणारा बेंटिंक स्ट्रीट तुमच्यापैकी कोलकात्यात राहणाऱ्यांना माहीत असेलच. एके काळी या रस्त्यावर चिनी लोकांची जोड्यांची दुकानं ओळीनं होती. आमचं ईस्टर्न कमांडचं मुख्यालय फोर्ट विल्यममध्ये, तिथून हा रस्ता अगदी जवळ. (त्या फोर्ट विल्यमला २०२५ पासून ‘विजयदुर्ग’ म्हणतात, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. कोकणातला माझा एक मित्र हे ऐकून दिवसभर फोनवर होता.) त्यामुळे फोर्टात बदली होऊन आलेला अधिकारी पहिल्या महिन्यातच कधीतरी बेंटिंक स्ट्रीटवर जायचा. मीही गेलो, कॅप्टन असताना.

गरज साधी होती. मी पदवीनंतर मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून फौजेत आलो. तिथल्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यातच समजावलं होतं की जवान आधी तुमच्या जोड्यांकडे बघतो आणि मग तोंडाकडे. माझा डावा पाय उजव्यापेक्षा थोडा मोठा. तयार जोडा एका पायाला चावायचा नाही तर दुसऱ्यात सैल पडायचा. मला मापाचे तपकिरी ऑक्सफर्ड शिवून हवे होते.

ज्या दुकानात गेलो त्याचं आणि मालकाचं नाव मी सांगणार नाही, त्या कुटुंबाला ते आवडणार नाही. मालक तेव्हा चाळिशीचे. त्यांनी मला मोजे काढायला लावले, जमिनीवर एक जाडजूड वही उघडली, तिच्या पानावर माझा पाय ठेवला आणि भोवती पेन्सिल फिरवली. मग चवडा, कमान, घोटा असं फितीनं मोजून आकडे चिनीत लिहिले. मी मागची पानं चाळू लागलो तर म्हणाले, “ये तो नया है. पुराना ऊपर है.” पोटमाळ्यावर त्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनच्या वह्या होत्या. गोऱ्या साहेबांचे पाय, मग आपल्या साहेबांचे पाय. बाकी दुकानांचा इतिहास हिशेबाच्या चोपड्यांत सापडतो, यांचा पायांच्या आकृत्यांत होता.

आजोबा आले ते चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या मेइश्येन भागातून. हे हक्का लोक. कोलकात्याच्या चिन्यांत कामांची वाटणी ठरलेली होती. कँटनचे लोक सुतारकाम करायचे, हुपेचे दातांचे डॉक्टर, आणि हक्कांकडे चामडं. आपल्याकडे चामड्याला हात लावायचा तर जात आडवी यायची. ज्यांच्यावर ते काम लादलं त्यांना भांडवल मिळत नव्हतं आणि ज्यांच्याकडे भांडवल होतं ते चामड्यापासून दूर राहत. हक्कांना हा विटाळ नव्हता. या फटीतून ते आत आले आणि त्यांनी टँग्र्याच्या दलदलीत टॅनऱ्या आणि बेंटिंक स्ट्रीटवर दुकानं उभी केली. तिथेही कातडी धुण्याचं, चुन्यातून काढण्याचं घाणेरडं काम मुख्यतः बिहारमधून आलेल्या दलित मजुरांच्याच वाट्याला आलं, हेही सांगायला हवं. माझ्या गावात चपला करणाऱ्यांचा वाडा गावाबाहेर होता. त्यामुळे चामड्याच्या दुकानाचा मालक गल्ल्यावर ताठ बसलेला मला पहिल्यांदा दिसला तो कोलकात्यात.

आजोबा आधी दुसऱ्याच्या दुकानात कामाला होते. रात्री तिथेच काउंटरवर झोपायचे. स्वतःचं दुकान काढायला पैसा आला तो भिशीतून. अगदी आपल्यासारखी भिशी, ते तिला ‘हुई’ म्हणतात. कागद नाही, तारण नाही. बुडवणाऱ्याला सगळ्या बिरादरीत तोंड दाखवायला जागा राहत नसे, तीच वसुली. खाली दुकान, पोटमाळ्यावर कारखाना, त्यावर घर. बायका वरच्या चामड्याची शिलाई मशीनवर करायच्या, तळ बसवायचं काम कारागीर करायचे. चामडं टँग्र्यातल्या नातेवाइकाकडून उधारीवर यायचं.

मालक जोडा कसा बनतो ते मला उत्साहानं दाखवायचे. सगळा खेळ लाकडी फर्म्याचा. गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम फर्म्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून तो वाढवायचा, माझ्या डाव्या फर्म्याच्या चवड्यावर असा एक तुकडा होता. मग भिजवलेलं चामडं त्यावर ताणून खिळ्यांनी अडकवायचं आणि तसंच काही दिवस ठेवायचं. घाईचं गिऱ्हाईक आलं की कच्चा दुकानदार इथे दिवस वाचवतो आणि तो जोडा दोन पावसाळ्यांत आकार सोडतो. ते मला घाई करू द्यायचे नाहीत. मी मेजर होऊन बदलून गेलो तरी पत्र टाकलं की जोडा पार्सलनं यायचा. पाय वहीत होता ना.

आता १९६२. हा विषय मी काढला नव्हता. दुसऱ्या जोड्याच्या वेळी त्यांनीच विचारलं, “साब, आपके फौजी बासठ में कैसा जूता पहनके गए थे?” मी सांगितलं, नेफात आमच्या कितीतरी जवानांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हम लोग तो जूता बनाता था. इतना नज़दीक.”

युद्ध सुरू झालं २० ऑक्टोबरला. महिना संपायच्या आत एक वटहुकूम निघाला. भारतावर आक्रमण करणाऱ्या देशाचा नागरिक आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी एक जरी कधी काळी असला, तरी त्या माणसाला परदेशी धरून अटकेत ठेवता येईल, अशी त्यात सोय होती. मंडळी, इथे जरा थांबा. या मालकांचा जन्म कोलकात्यातला, वडिलांचाही कोलकात्यातला. दुकानाच्या पाटीवर तीन पिढ्या असणं ही धंद्याची शान. वटहुकूमही बरोबर तीनच पिढ्या मोजत होता.

आसाम, शिलाँग, दार्जिलिंग आणि काही प्रमाणात कोलकात्यातूनही सुमारे तीन हजार माणसं उचलली गेली. त्यांत म्हातारी होती, तान्ही मुलं होती. आगगाडीनं कित्येक दिवसांचा प्रवास करून त्यांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. यांच्या काकांचं शिलाँगला दुकान होतं. ते बायकामुलांसह देवळीला गेले. १९६३ मध्ये चीननं जहाजं पाठवली तेव्हा दोन हजारांवर लोक त्यांतून गेले. काकाही गेले, जो देश त्यांनी कधी पाहिला नव्हता तिथे. देवळीतली शेवटची माणसं सुटली ती १९६७ मध्ये, महिनाभराच्या युद्धानंतर पाच वर्षांनी. कोलकात्यातलं दुकान वाचलं, पण वडिलांना ठरल्या दिवशी पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि परवानगीशिवाय शहर सोडता येत नसे. लालबाजार रस्त्याच्या टोकालाच. लालबाजारचे अधिकारी आमचेच गिऱ्हाईक होते, असं ते हसत सांगायचे. मला हसू आलं नाही.

मी युनिफॉर्म तीस वर्षांवर घातला. शत्रूचे हेर असतात, सीमेजवळ सावध राहावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही त्या छावणीचं समर्थन मला करता येत नाही. हेर शोधायचा तर माणूस बघावा लागतो. इथे वंश बघितला. सेला आणि बोमडी ला गेले ते शिलाँगच्या मोच्यामुळे नव्हे. रसद, कपडे, बूट, दारूगोळा आणि वरचे निर्णय, या सगळ्यांत आपण कमी पडलो होतो, आणि राग मात्र हाताशी असलेल्या माणसांवर निघाला. फौजेतल्या माझ्या काही दोस्तांना हे बोलणं आवडत नाही. त्यांच्याशी माझा वाद अजून चालू आहे.

बेंटिंक स्ट्रीटची दुकानं बाटानं मारली, असं कोलकात्यात सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. बाटानगर वसलं १९३४ मध्ये आणि ही दुकानं त्यानंतरही पन्नास वर्षं उत्तम चालली. दुर्गापूजेच्या आधी आत शिरायला जागा नसायची. नंतर कापडी आणि रबरी बूट आले, गिऱ्हाईक बदललं, हे खरं. चामडंही लांब गेलं. गंगेच्या प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये टँग्रा आणि आसपासच्या पाचशेहून अधिक टॅनऱ्या हलवायचा हुकूम दिला. त्या हळूहळू बानतल्याला गेल्या. निकाल योग्यच होता, ते नाले मी पाहिले आहेत. टँग्र्यातल्या कितीतरी हक्कांनी मात्र टॅनऱ्या सोडून त्याच जागी हॉटेलं काढली. आज तुम्ही तिथे चिली चिकन खायला जाता ती हीच.

पण दुकान चौथ्या पिढीकडे गेलं नाही त्याचं कारण त्याआधीचं आहे. हजेरीच्या त्या वर्षांत वडिलांनी ठरवलं की पैसा दुकानात घालायचा नाही, मुलांच्या तिकिटात घालायचा. थोरला गेला टोरंटोला. कोलकात्याचे हक्का तिथे इतके आहेत की एकाच्या मागे दुसरा गेला. धाकट्याला, म्हणजे या मालकांना, आईवडिलांसाठी मागे राहावं लागलं. त्यांनीही आपल्या मुलीला आणि मुलाला तेच केलं. शहरात कधी काळी वीस हजारांच्या घरात असलेले चिनी आता सुमारे दोन हजार उरले आहेत. मी एकदा विचारलं होतं, इतकं चांगलं दुकान, मुलाला का नाही शिकवलंत? ते म्हणाले, “दुकान उठाके ले नहीं जा सकता, साब. पढ़ाई ले जा सकता है.”

निवृत्तीनंतर मी पुण्याहून मुद्दाम गेलो तेव्हा ते दुकान आवरत होते. शेजारच्या बॅगांच्या व्यापाऱ्यानं जागा घेतली होती. वह्या मुलगी टोरंटोला घेऊन जाणार होती. फर्मे पोत्यांत भरून ठेवले होते, जळणाला जायचे. मी माझे मागितले. दोघं मिळून तासभर शोधत होतो, कारण नाव नसतं, नंबर असतो, आणि नंबर वहीत. शेवटी त्यांनी एक फर्मा हातात घेतला, चवड्यावरच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ये आपका बायाँ.” उजवा काही सापडला नाही.