रजेचा हक्क आणि उंब्रियातलं शेतघर

(गटाच्या त्रैमासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आम्ही पाचजणी येत्या मे महिन्याच्या शेवटी आठ दिवस इटलीतल्या एका खेड्यात राहायला जायचं ठरवतो आहोत. हे कळल्यापासून दोन प्रश्न सारखे कानावर येतात. पहिला, 'चळवळीतल्या बायकांना हे परदेशी सहलीचं खूळ कशाला?' दुसरा, 'आम्हालाही जायचंय, कसं ठरवायचं?' पुष्कळदा पहिला प्रश्न विचारणारीच थोड्या वेळानं हळूच दुसराही विचारते. म्हणून आज दोन्हींबद्दल एकत्रच बोलते.

आधी हक्काची गोष्ट. 2 जून 1946 रोजी इटलीतल्या बायकांनी पहिल्यांदा देशपातळीवर मतदान केलं. त्या दिवशी निवडून आलेल्या संविधान सभेत 556 सदस्य होते आणि त्यांत बायका होत्या 21. या सभेनं लिहिलेली राज्यघटना 1 जानेवारी 1948 पासून लागू झाली. तिचं 36 वं कलम सांगतं की आठवड्याची सुट्टी आणि वर्षाची भरपगारी रजा हा काम करणाऱ्याचा हक्क आहे, आणि या हक्कावर त्याला पाणी सोडता येणार नाही. 'मला रजा नको' असं कामगारानं स्वतः म्हटलं तरी चालत नाही. कारण उघड आहे. गरजवंताकडून असं म्हणवून घेणं फार सोपं असतं.

पुढचंच 37 वं कलम बायकांविषयी आहे. समान कामाला समान वेतन, असं ते म्हणतं. पण त्याच कलमात असंही आहे की कामाच्या अटी अशा असाव्यात, की बाईला कुटुंबातलं तिचं अत्यावश्यक कार्य पार पाडता यावं. ही दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचा. कारखान्यातून रजा आहे, शेतातून रजा आहे, चुलीपासून मात्र नाही! 1972 साली पादुआ शहरात मारियारोझा दाल्ला कोस्ता आणि तिच्या मैत्रिणींनी घरकामाला वेतन मागायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचं बोट याच जागेवर होतं.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मुलांची सुट्टी, आणि आईचा वर्षातला सर्वांत कामाचा महिना. पापड, कुरडया, सांडगे, लोणची, वर्षाचं तिखट, त्यात आलेगेले पाहुणे आणि नातवंडं. म्हणून आम्ही मे महिनाच मुद्दाम निवडला. पाचही घरांत पहिला प्रश्न आला तो हाच, 'मेमध्ये? मग मुलं कोण सांभाळणार?' हा प्रश्न विचारला गेला, यातच आमचं अर्धं काम झालं. एरवी तो कुणी विचारतच नाही. उत्तर गृहीत असतं.

तिकडच्या हवामानाच्या दृष्टीनंही मे चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये मध्य इटलीत ऊन कडक असतं, तिथल्या शाळांना सुट्ट्या असतात आणि गर्दी होते. 15 ऑगस्ट हा त्यांचा 'फेर्रागोस्तो'. त्याच्या आसपास शहरातली निम्मी दुकानं बंद करून लोक समुद्रावर नाहीतर डोंगरात जातात. मेच्या अखेरीस गहू उभा असतो, रानात लाल खसखशीची फुलं असतात आणि दिवस रात्री साडेआठपर्यंत मावळत नाही. 2 जूनला आम्ही तिथेच असू. तो त्यांचा प्रजासत्ताक दिन. बसगाड्या त्या दिवशी कमी धावतात, म्हणून परतीचा प्रवास 3 जूनला ठेवला आहे.

आता जागा. तोस्काना प्रांताचं नाव मोठं, पण आम्ही शेजारचा उंब्रिया निवडला, त्राझिमेनो तलावाच्या बाजूचा. कास्तिल्योने देल लागो या गावाला रेल्वे स्टेशन आहे आणि रोमहून तिथपर्यंत गाडीनं जाता येतं. ही शेतघरं बहुधा डोंगरावर, कच्च्या रस्त्याच्या टोकाला असतात. मोटार चालवणारी नसेल तर बाई तिथे अडकून पडते, आणि तिथेही कुणीतरी नेईल-आणील याची वाट बघत बसते. आम्हाला ते नको होतं. म्हणून आमची अट अशी की स्टेशनपासून किंवा बसथांब्यापासून चालत जाता आलं पाहिजे. तलावात इझोला माज्जोरे नावाचं छोटं बेट आहे. बोटीनं जाता येतं. 1904 साली तिथल्या एका सरदारणीनं कोळ्यांच्या मुलींना आयर्लंडच्या पद्धतीची क्रोशाची लेस शिकवायला सुरुवात केली. त्या लेसचं आता तिथे संग्रहालय आहे. ते आमच्या यादीत पहिलं.

शेतघरात राहण्याच्या या पद्धतीला तिथे 'आग्रितुरिज्मो' म्हणतात. 1985 साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि 2006 साली त्याजागी नवा आला. मुख्य अट अशी की पाहुणे फक्त शेतकऱ्यालाच ठेवता येतात, आणि शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. आज अशी सुमारे 26 हजार ठिकाणं आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश बायका चालवतात.

ही दगडी घरं चित्रात फार देखणी दिसतात. त्यांतल्या कित्येकांत पूर्वी अर्धेलीनं जमीन कसणारी कुळं राहत. निम्मं पीक मालकाचं, निम्मं कुळाचं. या पद्धतीला तिथे 'मेझाद्रीया' म्हणत. करार घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावानं, पण त्यात राबणं सगळ्या कुटुंबाचं धरलेलं. घरातल्या थोरल्या बाईकडे स्वयंपाक, कोंबड्या, धुणं आणि वर शेतातलं काम. सणासुदीला मालकाच्या घरी अंडी-कोंबड्या पोचवायच्या, त्या तिच्याच खुराड्यातल्या. घरात लग्न करायचं तरी अनेक ठिकाणी मालकाची परवानगी लागे. 1964 च्या कायद्यानं असे नवे करार बंद केले. त्याच्या आधीपासूनच तरुण माणसं शहरांकडे निघाली होती आणि घरं ओस पडत होती. शेतकऱ्याशी लग्न करायला मुली तयार नव्हत्या, हेही त्याचं एक कारण. पुढे त्यांतलीच कित्येक घरं दुरुस्त होऊन सुट्टीसाठी भाड्यानं मिळू लागली.

म्हणून जागा ठरवताना आम्ही पोहण्याच्या तलावाची चौकशी केली नाही. पत्रात चार प्रश्न विचारले. शेतात काय पिकतं? स्वयंपाक कोण करतं? चादरी-टॉवेल कोण धुतं? आणि त्यांना आठवड्यात सुट्टी कधी? तीन घरांनी उत्तरच दिलं नाही. चौथ्या घरातल्या बाईनं सविस्तर लिहिलं, की सोमवारी आमची चूल बंद असते, त्या दिवशी तुमचं तुम्ही बघा. आम्ही तीच जागा घेतली.

प्रश्न विचारायला आणखीही कारण आहे. जुलै 2015 मध्ये दक्षिणेकडच्या पुल्या प्रांतात द्राक्षांचे घड विरळ करताना एक 49 वर्षांची मजूर बाई मळ्यातच मरण पावली. त्यावर देशभर संताप उसळला आणि 2016 साली मुकादमांमार्फत होणाऱ्या पिळवणुकीविरुद्ध कडक कायदा आला. त्याच वर्षी 18 एप्रिलला रोमच्या दक्षिणेला लातिना इथे शेतात राबणारे पंजाबी शीख मजूर संपावर गेले. आपण ज्याला शांत निसर्ग म्हणतो, तिथे कुणाची तरी पाठ वाकलेली असते. ते बघायचं नसेल तर घरीच बसावं.

स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं की जेवणासकट, यावर आमची एक अख्खी बैठक झाली. स्वयंपाकघर असलं की स्वस्त पडतं, पण मग आपणच पोळ्या लाटत बसतो. शेवटी असं ठरलं की न्याहारी आणि रात्रीचं जेवण त्या घरी. दुपारी पाव, चीज, टोमॅटो आणि फळं. सोमवारी बाहेर. घरून पिठाचे डबे कुणी न्यायचे नाहीत.

आता कागदपत्रं. पैसा दोन वर्षं भिशीतून साठवला. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून 90 युरो झाली आहे. किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांच्या आत आणि किमान पंधरा दिवस आधी करायचा. पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला लागत नाही, हा नियम डिसेंबर 2016 मध्ये झाला. ज्या अजून नवऱ्याचे कागद सापडायची वाट बघताहेत, त्यांनी हे लिहून घ्यावं.

खरी अडचण पुढे आहे. व्हिसासाठी पैशांची ऐपत दाखवावी लागते, आणि स्वतःचं उत्पन्न नसेल तर जो खर्च करणार त्याचे कागद लावावे लागतात. आमच्यातल्या एकीनं एकतीस वर्षं घरचं किराणा दुकान सांभाळलं आहे. उधारीची वही तिच्या हातची आहे. पण तिच्या नावावर एक रुपया नाही. अर्जात ती 'गृहिणी' आहे आणि नवऱ्याच्या पत्राशिवाय तिला जाता येत नाही.

इटलीनं 1975 साली कुटुंब कायदा बदलला, तेव्हा नागरी संहितेत एक नवं कलम घातलं. घरच्या धंद्यात राबणाऱ्या माणसाला पोटगीचा आणि नफ्यात वाट्याचा हक्क आहे, आणि बाईचं काम पुरुषाच्या कामाच्या बरोबरीचं मानलं जाईल, असं ते सांगतं. हे आम्ही तिला वाचून दाखवलं. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं घरात सांगितलं, 'माझा पगार ठरवा आणि दर महिन्याला माझ्या खात्यात भरा.' मुलगा हसला. नवरा 'बघू' म्हणाला. खातं तिनं उघडलं आहे, त्यात अजून काही जमा झालेलं नाही. तिचं तिकीट आम्ही सगळ्यांच्या बरोबरच काढणार आहोत. पत्र मिळालं म्हणून पगाराचा प्रश्न मागे घ्यायचा नाही, असं तिनंच ठरवलं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, सगळ्यांनी इटलीला जा असं माझं म्हणणं नाही. कोकणात जा, बहिणीकडे जा, नाहीतर घरातच दार लावून झोपा. पण पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एका कागदावर दोन आकडे लिहून आणा. गेल्या वर्षभरात मी किती दिवस काहीही रांधलं नाही? आणि त्या दिवशी माझ्याऐवजी कोणी रांधलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'दुसऱ्या बाईनं' असेल, तर तिला रजा कधी मिळते तेही लिहा. त्या कागदांवरून पुढचं काम ठरवू.