तालीम, सरपण आणि चाकण



मी इंजिनिअर आहे, चाकणच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. साहित्याचा अभ्यासक नाही, पण वाचक पक्का आहे. आज दोन मराठी कादंबऱ्यांतल्या गावांबद्दल बोलतो.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची. औंध संस्थानातली धनगरांची वाडी आणि तिथे आलेला तरुण मास्तर. त्या वाडीत आयबू मुलाणीही आहे. मास्तर लोकांना तालीम बांधायला तयार करतो. लोकांकडे पैसा नसतो, ते अंगमेहनत देतात. तालीम उभी राहते, खुद्द राजा येतो. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. मला ती तालीम म्हणजे एकत्र राबून झालेल्या गावाची खूण वाटते.

हमीद दलवाईंची ‘इंधन’ १९६५ची. मुस्लिम सत्यशोधक मंडळ त्यानंतर पाच वर्षांनी निघालं. निवेदक बऱ्याच वर्षांनी मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी येतो. मुसलमान, कुळवाडी, महार यांच्यातले जुने संबंध बदललेले असतात. मनात साठलेलं वाढत जातं आणि शेवटी दंगल पेटते. दंगल झाली की आपण विचारतो, ‘ठिणगी कुणी टाकली?’ दलवाईंनी कादंबरीला नाव दिलं ते इंधनाचं. सरपण किती दिवस वाळत होतं, हे ते आपल्याला बघायला लावतात.

आता आपलं चाकण. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाशी पन्नासहून अधिक दिवस झुंजवलेला संग्रामदुर्ग इथलाच. तो वारसा आपलाही आहे. आज इथे मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची पोरं कामाला येतात. लाइनवर सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात. शिफ्ट सुटली, खोली शोधायला निघालं, की आधी नाव विचारतात. नाव ऐकून ‘खोली दिली गेली’ हे उत्तर मीही ऐकलंय. मग आपण आपल्याच लोकांत खोली घेतो, आणि पलीकडच्यांशी बोलणं संपतं. सरपण वाळतं ते असं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की चाकणला आपण एक अभ्यासिका उभी करू. तिला कुठल्या जमातीचं नाव नको, देणगीदाराची पाटी नको. प्रत्येकाने सुट्टीच्या दिवशी दोन तास राबावं. वायरिंग आणि कॉम्प्युटर माझ्याकडे लागले. पण दारातून फक्त आपलीच मुलं आत आली, तर ती तालीम होणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने दुसऱ्या धर्माचा एक सहकारी सोबत आणावा. जागा कुठे घ्यायची, ते त्यांच्यासोबत बसूनच ठरवू.