शनवार तेल्यांच्या गावी दोन दिवस
(घाटकोपर येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाझाचे युद्ध सुरू झाल्यापासून आपल्या वस्त्यांमध्ये 'यहुदी' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला आहे. मोबाईलवर तिथल्या मुलांची कलेवरे पाहून मन पेटते, आणि ते पेटायलाच हवे. पण शिवी ज्याला देतो तो माणूस आपल्या मुलांनी कधी पाहिलेला नसतो. म्हणून घाटकोपर, कुर्ला आणि अंधेरीचे आम्ही अकरा जण, त्यात चार कॉलेजची मुले, सुक्कोथच्या सणात शनिवार-रविवार अलिबाग आणि रेवदंड्याला जाऊन आलो. भाऊच्या धक्क्यावरून बोट, मांडव्याहून रिक्षा. इतक्या जवळ हा इतिहास आहे.

बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरले. नवगावला त्यांचे स्मारक आहे. वाचलेल्यांचे वंशज तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर. आपल्यातही महाडकर, श्रीवर्धनकर आहेतच. आडनावावरून धर्म ओळखता येऊ नये, ही कोकणची जुनी खोड आहे.

आमच्या मुलांना खरे नवल वाटले ते भाषेचे. या समाजाच्या जुन्या धार्मिक प्रमुखांना 'काजी' म्हणत. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या दिवसाच्या उपवासाला 'बिरड्याचा रोजा' म्हणतात, कारण तो वालाच्या बिरड्याने सोडायचा. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधले गेले, त्याला लोक 'जुनी मशीद' म्हणत. नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने 'मलिदा' करतात, गोड पोहे, खोबरे आणि फळे. एलियाहू म्हणजे कुराणातले हजरत इलियास. शब्द शेजारातूनच एका घरातून दुसऱ्या घरात जातात.

शनिवारी सकाळी आम्ही अलिबागच्या इस्राएल आळीतल्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये गेलो. १८४८चे हे सिनेगॉग १९१० मध्ये पुन्हा बांधले गेले. शब्बाथ असल्याने फोटो काढायचे नाहीत, मोबाईल बंद. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. सणासाठी मुंबई-ठाण्याहून काही जण आले, तेव्हा दहा झाले. १९५१च्या जनगणनेत भारतात सुमारे सव्वीस हजार यहुदी होते, आज चार-पाच हजार उरले असतील. महाराष्ट्र सरकारने त्यांना २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, पण तोवर बहुतेक घरांना कुलपे लागली होती.

अंगणात नारळाच्या झावळ्यांचा मांडव होता. हजरत मूसांच्या मागे चाळीस वर्षे वाळवंटात, बिनाघराचे राहिलो, त्याची ही आठवण. आमच्यातल्या एका मुलीने तिथल्या आजोबांना सरळ विचारले, "आजोबा, गाझाबद्दल तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "माझा भाऊ तिकडे आहे, त्याची काळजी वाटते. लेकरं कुणाचीही मरोत, वाईटच. पण बाळा, तिथलं सरकार मला विचारून काही करत नाही." पुढे सगळ्या मुद्द्यांवर आमचे एकमत झाले नाही. पण चहाचे कप रिकामे होईपर्यंत कोणी उठले नाही.

"मला विचारून करत नाही" हे वाक्य आपल्यालाही तोंडपाठ आहे. कुठे स्फोट झाला की खुलासा आपल्याकडे मागतात. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह यहुदी लोक मारले गेले. त्या हल्ल्यातल्या नऊ दहशतवाद्यांना बडा कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुस्लिमांनी नकार दिला. गुन्हेगार आणि समाज वेगळे आहेत, हे आपण कृतीने सांगितले. मग तोच न्याय अलिबागच्या आजोबांना का नको?

खुद्द इस्राएलमध्येही या समाजाला 'तुम्ही खरे यहुदी का?' असे विचारले गेले. लग्नाच्या वेळी धर्मगुरू शंका काढत. त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतीत पूर्ण यहुदी असल्याचा ठराव केला. 'खरे भारतीय का?' हा प्रश्न ऐकणाऱ्यांना ते दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

रविवारी आम्ही रेवदंड्याला १८४२चे बेथ एल सिनेगॉग पाहिले. शेजारचे चौल हे जुने बंदर. दहाव्या शतकात अल-मसुदी इथे आला, तेव्हा त्याने सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद केली. बंदराने कोणाला धर्म विचारून उतरवून घेतले नाही. जपानच्या कोबे बंदरातही असेच. तिथली १९३५ची मशीद उभारायला भारतीय व्यापाऱ्यांनी पैसे दिले, आणि १९४०-४१ मध्ये युरोपातून पळालेल्या यहुदी निर्वासितांना त्याच शहरात आसरा मिळाला.

कोणी म्हणेल, आधी गाझाबद्दल बोला. जरूर बोलू, मोर्चे काढू, मदत पाठवू. पण निरपराधाला त्याच्या धर्मासाठी शिक्षा नको, हेच तत्त्व घेऊन बोलू. ते भायखळ्याला सोडले, तर गाझासाठी कोणत्या तोंडाने मागणार?

दोन सूचना मांडतो. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आज बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. यहुदी देणगीतून उभ्या राहिलेल्या शाळेत आपली मुले शिकतात, हे मुलांना घरी सांगा. आणि पुढची सहल ठाण्याच्या १८७९च्या सिनेगॉगची. लोकलने अर्ध्या तासाचे अंतर आहे. तिथल्या मंडळींची परवानगी आधी घेऊ. नावे आजच नोंदवा.