भिंतीलाही ठिगळ लावता येतं

मी वाळूजहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज बोलायचंय भिंतीला पडलेल्या भोकाबद्दल.

हसू नका. बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी या भागात आपल्यातल्या कितीतरी जणी भाड्याच्या खोलीत राहतात. आता काही मालक एका हॉलच्या दोन खोल्या करताना विटा न रचता जिप्सम बोर्डाची भिंत उभी करतात. टकटक केलं की पोकळ आवाज येतो ना, तीच. आत पत्र्याचे उभे चॅनल, त्यावर साधारण अर्ध्या इंचाचा बोर्ड आणि बोर्डाला दोन्हीकडून जाड कागद. पलंगाचा कोपरा जोरात लागला, की पडलंच भोक. खोली सोडताना त्याच भोकापायी डिपॉझिट कापलं जातं.

आमच्या गटाने शिवणकामासाठी गाळा घेतला, तिथे हेच झालं. मशीन हलवताना टेबलाचा कोपरा भिंतीत घुसला. तळहाताएवढं भोक! डिपॉझिट बायकांच्या बचतीतून भरलेलं. मी म्हटलं, त्यात काय एवढं. भोकात वर्तमानपत्र कोंबलं, सवयीने पाणी शिंपडलं, वरून पुट्टी थापली. चार दिवसांत गोळा आत पडला आणि कडेचा कागद फुगला.

तेव्हा गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, फाटक्या गोधडीत नुसता कापूस कोंबून भागतं का? मागून कापड धरून ठिगळ लावावं लागतं." मग एका सुतारदादांना विचारून आम्ही तसंच केलं.

कसं, ते सांगते. आधी मेन स्विच बंद करा. बॅटरीच्या उजेडात आत वायर किंवा पाइप आहे का बघा. भोकाभोवती पेन्सिलने चौकोन आखा आणि कटरने तेवढा बोर्ड कापून काढा. चौकोन का? तर वेड्यावाकड्या भोकाला ठिगळ नीट बसत नाही. आता भोकापेक्षा चार इंच लांब लाकडी पट्टी आत सरकवा, हाताने धरून ठेवा आणि भोकाच्या दोन्ही बाजूंनी बोर्डातून स्क्रू मारून ती घट्ट करा. हा झाला मागचा आधार. चौकोनाच्या मापाचा बोर्डाचा तुकडा त्यावर बसवून स्क्रू मारा. स्क्रूचं डोकं किंचित आत जाऊ द्या, पण कागद फाटू देऊ नका.

चारी फटींवर जॉइंटिंग कंपाऊंड लावून त्यात कागदी टेप दाबा. दुकानात याच नावाने मागा. टेप नसेल तर फट पुन्हा तडकते. अजिंठ्याच्या चित्रांखालचा मातीचा गिलावाही भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे घालूनच केलेला आहे. आपण भिंतीच्या मातीत भुसा कालवतो, तोही त्यासाठीच. टेपवर कंपाऊंडचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. मग नाकाला ओढणी बांधून पॉलिश पेपरने घासा, प्राइमर लावा आणि रंग द्या.

खिळ्याच्या भोकाला एवढा खटाटोप नको. सुटलेला कागद कापा, कंपाऊंड भरा, वाळलं की घासा. रुपयाच्या नाण्याएवढं भोक असेल तर वर जाळीची टेप चिकटवून मग कंपाऊंड लावा.

एक फरक लक्षात ठेवा. विटेच्या भिंतीचा गिलावा दुरुस्त करताना भिंत आधी भिजवतात, नाहीतर ती सिमेंटचं पाणी शोषून घेते. जिप्समला मात्र पाणी चालत नाही. बोर्ड ओला, मऊ लागत असेल तर आधी गळती शोधा. ओल्यावर ठिगळ टिकत नाही. आणि विटेच्या किंवा दगडाच्या भिंतीला तिरपी, रुंदावत जाणारी भेग असेल तर ती बुजवून झाकू नका, जाणकाराला दाखवा. 1993 साली किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंतींखाली किती माणसं गेली, हे मराठवाड्याला सांगायला नको.

आमच्या भिंतीवर तिरपा उजेड पडला की ठिगळाची कड अजून थोडी दिसते. पण मशीनचा धक्का लागूनही ते हललेलं नाही.

शेवटी दोन गोष्टी. खोली घेतानाच भिंतींचे फोटो काढा आणि आधीची भोकं मालकांना दाखवून करारात लिहून घ्या. दुसरं, कटर, स्क्रू ड्रायव्हर, पुट्टीची पत्ती आणि टेप हे सामान प्रत्येकीने घ्यायची गरज नाही. गटाने एकदाच घ्या, पेटीत ठेवा, वहीत नोंद करून जिला लागेल तिला द्या. आमची पेटी आजच रांजणगावला गेलीय. एका ताईंना या महिनाअखेरीस खोली सोडायची आहे.