माथ्यावरचें पाणी आणि गांवाचा नकाशा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूनें गतवर्षांचें गुणवर्णन करावें, देणगीदारांचे आभार मानावे आणि आशीर्वाद देऊन खालीं बसावें, असा रिवाज आहे. आभारांचें काम महोत्सव-समितीच्या चिटणिसांनीं आमच्यापेक्षां उत्तम रीतीनें केलें आहे, आणि पन्नास वर्षांचा इतिहास ह्या स्मरणिकेंत अन्यत्र येणारच आहे. तेव्हां आपल्या अनुज्ञेनें आम्ही आज जमिनीविषयीं चार शब्द बोलूं इच्छितों.

ज्युबिलीच्या दिवशीं जमिनीचा विषय कशाला, असें कोणास वाटेल. परंतु ज्युबिली हा मुळांत जमिनीचाच कायदा होता. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत सहा वर्षें पेरणी झाल्यावर सातव्या वर्षीं शेतास विसावा देण्याची आज्ञा आहे. आणि सात वेळां सात वर्षें लोटल्यावर येणाऱ्या पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकून, विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत करावयाची आहे. जमिनीचा खरा धनी परमेश्वर असून मनुष्य तिच्यावर वस्तीला आलेला पाहुणा आहे, हें त्याचें कारण तेथें दिलें आहे. कोणती जमीन केव्हां पेरावी, केव्हां पडीत ठेवावी आणि ती कोणाच्या हातीं असावी, हें सर्व समाजाच्या नियमानें ठरावयाचें, एकट्या खातेदाराच्या मर्जीवर सोडावयाचें नाहीं, असा त्यांतील आशय आहे. हल्लींचे सरकारी अधिकारी ह्यालाच भू-वापर नियोजन म्हणतात. नांव नवें आहे, एवढेंच.

आतां आपल्या वाशीम जिल्ह्याकडे पाहूं. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा एका उंच पठारावर वसला आहे. येथें उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तें पाणी अरबी समुद्रास जातें. पूस, अडाण, अरुणावती ह्यांचें पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या मार्गानें बंगालच्या उपसागरास जातें. म्हणजे आपण पाणलोटाच्या माथ्यावर राहतों. आपल्या घराच्या एका पाखेचें पाणी पश्चिम समुद्रास व दुसऱ्या पाखेचें पूर्व समुद्रास जावें, असेंच म्हणा ना! ऐकावयास हें मोठें गोड वाटतें, पण त्याचा व्यवहारी अर्थ कठीण आहे. दक्षिण सीमेवरची पैनगंगा सोडली, तर परमुलखांतून पाणी घेऊन आपल्याकडे येणारी मोठी नदी नाहीं. आपल्या शिवारांत पडेल तेवढेंच आपलें. तेंहि ठेवावयास जागा थोडी. कारण खालीं काळा पाषाण, आणि पाणी राहतें तें फक्त त्यावरच्या मुरमांत व खडकांच्या भेगांत.

अशा ठिकाणीं पावसाची चाल बिघडली तर काय होतें, हें सोयाबीन पेरणाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. २०२४ हें साल, मोजमाप सुरू झाल्यापासून, साऱ्या पृथ्वीवर सर्वांत उष्ण ठरलें. हवा एक अंशानें तापली कीं सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवूं शकते. म्हणून पाऊस ओढ धरतो तेव्हां लांबच लांब धरतो, आणि कोसळतो तेव्हां महिन्याचें पाणी दोन दिवसांत ओततो. जुलैंत पीक माना टाकतें आणि सप्टेंबरांत शेंगा भिजून कुजतात. २०२५ च्या पावसाळ्यांत मराठवाडा व विदर्भ ह्या भागांत लाखों हेक्टरांवरील पिकें अशाच अतिवृष्टीनें गेलीं. पृथ्वीचा ताप उतरविणें आपल्या एका जिल्ह्याच्या हातीं नाहीं. परंतु तें दोन दिवसांचें पाणी आपल्या उतारावरून माती घेऊन धांवत जाईल कीं मुरत मुरत विहिरीस येईल, हें मात्र बऱ्याच अंशीं आपण त्या उताराचें काय करतों ह्यावर अवलंबून आहे.

आपल्या वाडवडिलांस हा भेद ठाऊक होता. माथ्यावरच्या बरड जमिनीवर गवत, मधल्या उतारावर हलकें पीक, खालच्या काळ्या वावरांत गहूं, हरभरा. ह्याच भेदांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठीं १९७६ सालीं नागपुरास एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या नांवांतच मृदा सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजन हे शब्द आहेत. त्या शास्त्रांत जमिनीचे आठ वर्ग मानितात: पहिले चार नांगराचे, उरलेले चार गवताचे, झाडांचे व रानांतील जीवांचे. आज आपल्याकडे कित्येक ठिकाणीं पांचव्या-सहाव्या वर्गाच्या बरडावर ट्रॅक्टर फिरतो. दोन वर्षें सोयाबीन येतें, तिसऱ्या वर्षीं मुरूम उघडा पडतो, आणि तेथली माती खालच्या नाल्यांत जाऊन बसते. गवताळ जमीन म्हणजे रिकामी जमीन, हा समज कोठून आला कोण जाणे. कारंज्याजवळ सोहोळ येथें काळविटांसाठीं सुमारें अठरा चौरस किलोमीटरांचें अभयारण्य आहे. ज्यांस माळरानाची योग्यता पाहावयाची असेल त्यांनीं तेथें एकदां जाऊन यावें.

ह्यापुढचा मुद्दा नाजूक आहे, म्हणून तो आम्ही सावकाश मांडतों. वऱ्हाडांत जिला आपण ई-क्लास म्हणतों, ती गांवची चराऊ जमीन बहुधा ह्याच माथ्यावर किंवा त्याच्या कडेला असते. मालकी सरकारची, वहिवाट गांवाची. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें जिल्हाधिकाऱ्यास अशी जमीन गुरचराईकरितां राखून ठेवण्याचा अधिकार दिला आहे. ह्या जमिनीवर आज तीन बाजूंनीं हक्क सांगितला जातो. पहिला हक्क गुरांचा व बकऱ्यांचा, म्हणजे ज्याच्या नांवें सातबारा नाहीं अशा माणसाचा. दुसरा, पोटासाठीं तेथें पेरीत आलेल्यांचा. १९९१ च्या शासननिर्णयानें, १४ एप्रिल १९९० पर्यंत अशी जमीन कसणाऱ्या भूमिहीन मागासवर्गीयांची वहिवाट नियमित करण्याची वाट मोकळी केली. पुढें २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गांवच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा कब्जे उठविण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला. दोन्ही कागद खरे आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्यें आपल्या ओळखीचीं माणसें उभीं आहेत. तिसरा हक्कदार अलीकडे आला आहे. तो म्हणजे सूर्य.

मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेचा दुसरा भाग २०२३ सालीं निघाला. शेतीच्या पंपांस दिवसा वीज मिळावी, रात्रीं साप-विंचवांत पाणी धरावयास जावें लागूं नये, हा तिचा हेतु. त्याचें आम्ही मनापासून स्वागत करतों. ५ ऑक्टोबर १९२४ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे २०२४ च्या त्याच तारखेस आपल्याच जिल्ह्यांत पोहरादेवी येथें पंतप्रधानांच्या हस्तें ह्या योजनेंतील एकूण १९ मेगावॅटांचीं पांच सौर उद्यानें राज्यास अर्पण झालीं. कोळसा न जाळतां वीज मिळते ही तर हवामानाच्या दृष्टीनेंहि मोठीच गोष्ट. परंतु एका मेगावॅटास साधारण चार-पांच एकर जागा लागते, आणि सरकारास ती सर्वांत सोपी सांपडते ती ई-क्लासवर. येथें आमचें स्पष्ट मत असें: ज्या उतारावर गांवच्या पिण्याच्या विहिरीचें पाणी मुरतें, व जेथें भूमिहीनांचीं जनावरें चरतात, ती जागा शेवटीं विचारांत घ्यावी, आधीं उघडा खडक, जुन्या खाणी, कार्यालयांचीं व शाळांचीं छपरें शोधावीं. पोपमहाराज फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालीं काढलेल्या 'लौदातो सी' ह्या परिपत्रकांत निसर्गाची हानि व गरिबाची हानि एकच मानिली आहे. हवा वांचविण्याकरितां विधवेची बकरी उपाशी ठेवणें त्या शिकवणींत बसत नाहीं.

असें निवडून ठरविण्याचा अधिकार गांवास आहे काय? आहे. २४ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें पंचायतींकडे सोंपवावयाच्या विषयांची जी यादी दिली, तींत मृदसंधारण, पाणलोट, सामाजिक वनीकरण व अपारंपरिक ऊर्जा हे सर्व विषय आहेत. शहरांकरितां १९६६ चा नगररचना अधिनियम व त्याखालील विकास आराखडे आहेत. वाशीमचें पद्मतीर्थ व देवतलाव किंवा कारंज्याचा ऋषितलाव ह्यांसारख्या जुन्या तळ्यांचें भवितव्य त्या आराखड्यांत ठरावयाचें, कारण ज्या उतारावरून पाणी येतें त्यावर घरें उठलीं कीं तळें मरतेंच. नदीकांठच्या लोकांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पाटबंधारे खातें पुराच्या दोन रेषा आंखतें: पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. स्वस्त प्लॉट घेण्यापूर्वीं तो निळ्या रेषेच्या आंत आहे कीं बाहेर, एवढें तरी विचारावें. पाऊस बदलला म्हणजे पंचवीस वर्षांचा पूर पंचवीस वर्षें वाट पाहीलच असें नाहीं.

खेड्यास असा छापील आराखडा क्वचितच असतो. २०१८ सालीं जागतिक बँकेच्या साह्यानें नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प, ज्याला सर्वजण पोकरा म्हणतात, पंधरा जिल्ह्यांत सुरू झाला व त्यांत आपला जिल्हा होता. आतां दुसरा टप्पा एकवीस जिल्ह्यांकरितां मंजूर झाला आहे. बदलत्या हवामानाशीं जुळवून घेण्यासाठीं गांवोगांव आराखडा करावयाचा, ही त्यांतील मुख्य कल्पना. मुंबईच्या आय.आय.टी.च्या मदतीनें पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसविली गेली: पडलेल्या पावसांतून किती वाहून गेला, किती मातींत ओलावा म्हणून राहिला, किती खालीं मुरला, आणि आपण पेरलेल्या पिकांस किती लागणार. घरचा जमाखर्च ठेवणाऱ्या कोणत्याहि गृहिणीस हें समजेल. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरावें, म्हणजे उघडीप पडली तर ओल टिकते व अतिवृष्टि झाली तर सरींतून पाणी निघून जातें, हा उपायहि त्यांत प्रचारांत आला आणि तो चांगला आहे.

मात्र एक उणीव आम्हांस दिसते. अर्ज एकेकट्याचा असतो. तुषारसंच, पाइप, शेततळें, सर्व ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर. माथा कोणाच्याच सातबाऱ्यावर नाहीं, म्हणून त्याच्यासाठीं अर्ज करावयास कोणी नसतें. प्लास्टिक अंथरलेलें शेततळें जर पावसाच्या पाण्याऐवजीं विहिरीच्या पाण्यानें भरलें, तर पाणी वाढलें असें होत नाहीं. सर्वांच्या खडकांतलें पाणी एकाच्या अंगणांत येऊन उन्हांत उडून जातें, इतकेंच. राज्यांत इतरत्र हें घडलें आहे.

माथ्यापासून आरंभ करावा, हा धडा महाराष्ट्रास शिकविणाऱ्यांत आपल्याच ख्रिस्तसभेचा एक धर्मगुरु होता, हें आपल्या तरुणांस बहुधा ठाऊक नसेल. येशुसंघाचे फादर हरमन बाखर १९४८ सालीं स्वित्झर्लंडहून येथें आले आणि त्यांनीं नगर जिल्ह्यांतील, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरांतील, दुष्काळी गांवांत आयुष्य वेंचलें. भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्या प्रयत्नांनीं उभा राहिला, आणि १९९३ सालीं त्यांनीं 'वॉटर' ह्या संस्थेच्या स्थापनेंत भाग घेतला. २०२१ सालीं ते प्रभूकडे गेले. त्यांच्या कार्यक्रमाच्या अटी कडक होत्या: गांवानें श्रमदान करावें, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, समितींत स्त्रिया व भूमिहीन असावे, आणि काम वरून खालीं यावें. नाल्यावरचा बांध सर्वांस दिसतो, फोटोंत चांगला येतो. डोंगरावरचे समपातळी चर कोणी पाहावयास जात नाहीं. तरी चर आधीं, बांध मागाहून, कारण वरची माती अडविली नाहीं तर बांध दोन-तीन पावसाळ्यांत गाळानें भरतो. चराईबंदीचा बोजा बकरीवाल्यावर पडतो, हें मात्र विसरूं नये. वाढलेलें गवत कापून नेण्याचा पहिला हक्क त्याचा, असें ठरावांतच लिहून घ्यावें. नुसत्या तोंडी आश्वासनावर कोणी बकरी विकूं नये.

आपल्या जिल्ह्यांत हाताला कामाची संवय नाहीं असेंहि नाहीं. वॉटर कपाच्या दिवसांत कारंजा तालुक्यांतील गांवांनीं भर उन्हाळ्यांत कुदळ-फावडें चालविलें होतें. समृद्धि महामार्गहि मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा ह्या तालुक्यांतून गेला आहे. त्याच्या नाक्यांच्या आसपास जमिनींचे भाव चढले असून शेतांचे प्लॉट पडूं लागले आहेत. तेथें काय राखावयाचें व काय विकावयाचें, हें लवकर बोलून घेतलें नाहीं तर पुढें बोलावयास विषयच उरणार नाहीं.

आतां कामाची गोष्ट. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, आणि तिच्या आधीं स्त्रियांची स्वतंत्र सभा भरते. आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबें ह्या सभांस जात नाहींत; आपण थोडे आहों, आपलें कोण ऐकणार, असें म्हणतात. ठरावाच्या वहींत मात्र हजर असलेल्यांचींच नांवें लिहिलीं जातात. पुढच्या रविवारीं मिस्सेनंतर हॉलमध्यें आपापल्या गांवचा गट-नकाशा घेऊन बसावें, अशी आमची विनंति आहे. तलाठ्याकडून नकल आणण्याचें काम युवक मंडळानें पत्करलें आहे. ज्यांस शेत आहे त्यांनीं आपला गट दाखवावा. ज्यांस नाहीं त्यांनीं आपली गुरें कोठें चरतात, सरपण कोठून येतें, उन्हाळ्यांत कोणती विहीर शेवटीं आटते, तें सांगावें. प्रथम माथा व ई-क्लास हिरव्या पेन्सिलीनें रंगवूं, मग नाले निळ्या. वडीलधाऱ्यांनीं अवश्य यावें, कारण १९७२ च्या दुष्काळांत कोठें पाणी टिकलें होतें, तें नकाशावर कोठेंच लिहिलेलें नाहीं.